उसातली वेल : हिशेब बाटलीचा नको, एकराचा करा

चिकोडी-निपाणी असो की पलीकडचे कागल-शिरोळ, उसातल्या वेलीचा त्रास दोन्हीकडे सारखाच. गणेशवेलीच्या कुळातल्या, मूळच्या अमेरिकेतल्या या आयपोमिया वेली उसाला गुंडाळून वर चढतात. वाढ खुंटते, तोडणीही अवघड होते. दुकानात मात्र प्रश्न एकच : सगळ्यात स्वस्त कुठलं?

बाटलीची किंमत फसवी असते. एकरी औषध, मजुरी आणि दुसऱ्यांदा फवारावं लागलं तर तोही खर्च धरायला हवा.

मेट्रिब्युझिन लागणीनंतर लगेच, ओलीवर मारायचं. बाकीचं तण आवरतं, पण वेलीचं बी टणक. ते खोलवरून मागाहून उगवतंच. तिथे २,४-डी उपयोगी. दर कमी, शिफारशीच्या मात्रेत ऊस तगतो. पण वेल तीन-चार पानांवर असतानाच. ती शेंड्याला पोचली की फडात पंप घेऊन शिरता येत नाही. मग विळा आणि मजूर.

२,४-डीचा छुपा खर्च शेजाऱ्याच्या रानात दिसतो. वाऱ्याने उडालेले थेंब तंबाखू, मिरची, टोमॅटो, द्राक्ष बिघडवतात. वारा पडलेला बघा, पंप वेगळा ठेवा.

ग्लायफोसेट वेलीबरोबर ऊसही मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश काढला आहे.

तणनाशकांची नोंदणी केंद्राकडे होते, म्हणून लेबलवरची मात्रा दोन्ही राज्यांत एकच. खरेदी कुठेही करा, पक्की पावती घ्या. वेळेवर झालेली एक फवारणी उशिराच्या दोनांपेक्षा स्वस्तच पडते.