डोंगर दिसतो, करवत्या का दिसत नाही?

जपानी चित्रातला डोंगर म्हटला की आमचे कलापंडित शांती, ध्यान, निसर्गाची भव्यता यांवर भरभरून बोलतात. हे वाचन अपुरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

होकुसाई (१७६०-१८४९) या चित्रकाराची फुजी पर्वतावरील ‘छत्तीस दृश्ये’ ही लाकडी ठशांची चित्रमालिका १८३०च्या सुमारास निघू लागली. नाव छत्तीसचे, चित्रे मात्र ४६. त्यातले तोतोमी प्रांताच्या डोंगरातले चित्र पाहा. एक प्रचंड चौकोनी लाकूड टेकूंवर तिरपे चढवले आहे. एक करवत्या त्यावर उभा राहून कापतो, दुसरा खालून. एक जण करवतीला धार लावतो. पाठीवर मूल बांधलेली बाई आहे. आणि तो पवित्र फुजी? तो टेकूंमधल्या त्रिकोणात, इवलासा! होकुसाईच्या मनात काय होते याची वकिली आम्ही करीत नाही. कागदावरचा पुरावा तेवढा वाचतो. इथे डोंगर मागे आहे, राबणारा पुढे.

पण पुरावा इथेच संपत नाही. चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, तिसरा प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा घेऊन छापी. चित्रावर सही होकुसाईची. कोरणाऱ्याचे, छापणाऱ्याचे नाव नाही.

भिवंडीकरांना हे नवे नाही. कापडाच्या ताग्यावर शिक्का मालकाचा किंवा व्यापाऱ्याचा. विणणाऱ्याचे नाव अनेकदा हजेरीपटावरही नसते. मागावर बोट गेले की पहिला सवाल येतो: हा माणूस आमच्याकडे कामाला होता याला पुरावा काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले खरे; पण ती सक्ती दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला. चार-सहा माणसांच्या लूमवाल्याला वाट मोकळीच!

कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराने दार घडविल्याची नोंद सुमारे दोन हजार वर्षे दगडावर टिकून आहे. तेव्हा सुताराचे नाव दगडावर कोरता आले. आज मागकामगाराचे नाव कागदावर लिहिता येत नाही? सरकारने दहाची अट काढावी. आणि कामगार बंधूंनो, भगिनींनो, हजेरीपटावर आपले नाव आहे की नाही, हे आजच पाहा. नसेल तर संघटित होऊन ते लिहून घ्या!