मताचा लिलाव

नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यांत उमराणें हें कांद्याच्या बाजारासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. तेथें कांद्याचा लिलाव हा नित्याचाच प्रकार. परंतु २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीपूर्वीं तेथें जो लिलाव झाला, त्यांत कांदा नव्हता. सरपंचपदच बोलीस निघालें आणि बोली २ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत चढली. नंदुरबार तालुक्यांतील खोंडामळी येथेंही असेंच घडून बोली ४२ लाखांवर गेली. पैसा देवळाच्या बांधकामास द्यावयाचा, आणि बोली जिंकणाऱ्याच्या वाटेंत इतरांनीं उभें राहावयाचें नाहीं, असा हा सौदा होता. राज्य निवडणूक आयोगानें अहवाल व चित्रफिती पाहून १५ जानेवारी २०२१ च्या मतदानापूर्वींच दोन्ही गांवच्या निवडणुका रद्द केल्या. ह्या गोष्टीस कांहीं वर्षें लोटलीं असलीं, तरी तिच्यांतून घ्यावयाचा धडा आमच्या लोकांनीं अद्याप घेतलेला नाहीं, म्हणून तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

ह्या सौद्याचे कैवारी असा प्रश्न करितात कीं, ह्यांत बिघडलें काय? पैसा कोणाच्या खिशांत गेला नाहीं, देवकार्यास लागणार होता. गांवांतील तंटे टळले असते, निवडणुकीचा खर्चही वांचला असता. वरवर पाहतां हें म्हणणें गोड दिसतें. परंतु थोडा विचार करणारास त्यांतील खोट सांपडल्यावांचून राहणार नाहीं.

कांद्याच्या लिलावांत माल शेतकऱ्याचा असतो, तो ढिगाजवळ उभा असतो, आणि भाव न पटल्यास ‘मला विकावयाचा नाहीं’ असें म्हणून माल परत नेण्यास तो मुखत्यार असतो. सरपंचपदाच्या लिलावांत माल कोणाचा होता? तें पद गांवांतील मतदारांनीं निवडून दिलेल्या सदस्यांनीं भरावयाचें; म्हणजे विकलें गेलें तें सर्वांचें मत. पंचांच्या बैठकीस न आलेल्या मजुराचें, घरांत चुलीपाशीं असलेल्या बाईचें, भावकीशीं पटत नसलेल्या माणसाचें, ह्या सर्वांचें मत त्यांस न विचारतां विकण्याचा अधिकार पंचांस कोणीं दिला? दुसऱ्याची वस्तु विकून देवास दान केल्यानें पुण्य लागतें, असें कोणत्याही शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. शिवाय दोन कोटी रुपये गुंतविणारा मनुष्य तें भांडवल वसूल केल्यावांचून राहील, असें आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोणास तरी वाटतें काय? रस्त्याच्या खडींतून आणि नळाच्या तोटींतून त्याची वसुली पुढें पांच वर्षें चालते, व ती देणारा गांवकरीच असतो.

कायद्याचीही ह्याविषयीं स्पष्ट भाषा आहे. भारतीय न्याय संहितेप्रमाणें निवडणुकीला उभें राहणें, न राहणें, उमेदवारी मागें घेणें, मत देणें आणि न देणें, हे सर्व निवडणुकीचे हक्क होत. आणि त्यांच्या वापरासाठीं लाच देणारा व घेणारा दोघेही १७० व्या कलमाखालीं अपराधी ठरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. निवडून आल्यास अमुक रस्ता करीन, तमुक दवाखाना काढीन, असें जाहीर वचन देणें ही मात्र लाच नव्हे. कारण तें काम सार्वजनिक पैशानें, सर्वांसाठीं व सर्वांच्या देखत व्हावयाचें असतें.

शहरांतील सुशिक्षित वाचक हें वाचून खेड्यांतील लोकांस हंसतील. त्यांनीं हंसण्यापूर्वीं आपल्या जिन्यावर दृष्टि टाकावी. निवडणूक जवळ आली कीं एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या भिंतींस फुकट रंग लागतो, आवारांत दिवे येतात, गच्चीवर पाण्याची टांकी बसते. आणि मोबदल्यांत संस्थेचे पदाधिकारी सर्व बिऱ्हाडांचीं मतें ठोक भावानें देऊं करितात. उमराण्याच्या बोलींत आणि ह्या व्यवहारांत फरक असेल तर तो रकमेचा आहे, नीतीचा नाहीं.

‘बिनविरोध’ ह्या शब्दाचीही आमच्याकडे फार प्रतिष्ठा आहे. एखादा सज्जन इतका लोकमान्य असावा कीं त्याच्याविरुद्ध उभें राहावें असें कोणासच वाटूं नये, ही भूषणाचीच गोष्ट होय. परंतु दुसऱ्या उमेदवारास पैसा देऊन अगर धाक घालून बसविलें असेल, तर त्या एकमतास एकमत म्हणतां येणार नाहीं. महाराष्ट्राच्या निवडणूक आयोगानें २०१८ सालीं असा आदेश काढला कीं, स्थानिक निवडणुकींत ‘वरीलपैकीं कोणीही नाहीं’ ह्यास सर्वांत अधिक मतें पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. नापसंती दाखविण्याचा एवढा मोठा अधिकार मतदाराच्या हातीं आला. पण मतदानच झालें नाहीं, तर तो वापरावयाचा कोठें?

हा हक्क आम्हांस सहज मिळालेला नाहीं. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, त्या काळीं मत हें कर भरणाऱ्या थोड्या लोकांपुरतें होतें. मजुरास व स्त्रियांस तें मिळावयास पुढें पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनें पंचायती व नगरपालिकांची निवडणूक दर पांच वर्षांनीं घेण्याचें बंधन घातलें. तरीही मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर मतदानास जानेवारी २०२६ उजाडावा लागला. मध्यंतरीं कारभार प्रशासकाच्या हातीं होता. जो हक्क न मागतां चार वर्षें लांबणीवर पडूं शकतो, तो आपण होऊन विकणें ह्यासारखा आत्मघात नाहीं.

तेव्हां मतदारांस आमची विनंती एवढीच कीं, मतदार यादींत आपलें नांव आहे कीं नाहीं हें वेळेवर पाहावें. उमेदवाराचें शपथपत्र वाचून त्याची मालमत्ता व त्याच्यावरील खटले समजून घ्यावे. आपल्या मताविषयीं जातीच्या, आळीच्या अगर संस्थेच्या पुढाऱ्यानें केलेला सौदा आपल्यावर मुळींच बंधनकारक नाहीं, हें पक्कें ध्यानांत धरावें. आणि निवडणूक संपली म्हणजे काम संपलें असें न समजतां, दर वर्षीं ग्रामसभेंत अगर आपल्या नगरसेवकापाशीं जमाखर्चाचा जाब मागावा. व्यापारी मनुष्य मुनिमाच्या हातीं तिजोरीची किल्ली देतो, पण दिवाळीस वह्या तपासल्यावांचून राहत नाहीं. गांवाच्या तिजोरीविषयींही त्यानें तितकीच दक्षता ठेवावी. देऊळ बांधावयाचें असेल तर प्रत्येकानें आपल्या पदरचें द्यावें. शेजाऱ्याचें मत विकून तें बांधूं नये.