उपवास आपला, पक्ष्याचा नव्हे



गेल्या वर्षी शेजारच्या ताईंची बदली झाली आणि त्यांच्या बजरीगरची जोडी आमच्या रोहण्याच्या ओसरीवर राहिली. सासूबाई म्हणाल्या, "पिंजऱ्यातला जीव घरात कशाला गं? बंध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे." खरंच होतं त्यांचं. पण हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियातले आणि पिंजऱ्यातच जन्मलेले. इथे सोडले तर भूक नाहीतर शिक्रा, दोन्हींकडून मरण. म्हणून ठेवले. विकत मात्र कधीच आणणार नाही. आपला देशी पोपट पाळणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे.

दोघं नुसती कांगणी आणि सूर्यफुलाच्या बिया खायचे. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, फक्त दाण्यांवर ठेवलं तर अंगात चरबी साठते, यकृत बिघडतं, 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. पेलेट आणि पालेभाजी सुरू करा. दुकानदार म्हणाला, "दोन दिवस दाणे बंद करा, भूक लागली की बरोबर खातील."

हा सल्ला पुष्कळ जण देतात आणि तो मला अजिबात पटत नाही. बजरीगरचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांची उपासमारही जिवावर बेतू शकते. शिवाय पेलेट हे अन्न आहे हेच त्याला ओळखू येत नाही. भरल्या वाटीपुढे तो उपाशी बसतो.

धर्माच्या बाजूनेही बघा. ज्या पाच अतिचारांत बंध आहे, त्यातच अन्नपान-निरोधही आहे. आपण एकासन, उपवास करतो ते स्वतःच्या इच्छेने, पच्चक्खाण घेऊन. दुसऱ्यावर लादलेली भूक तप होत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. दिल्लीच्या लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मार्थ रुग्णालय चालवणारा आपला समाज. घरच्या पक्ष्याला आपणच उपाशी कसं ठेवायचं?

मी असं केलं. नऊ भाग दाण्यात एक भाग पेलेटचा चुरा, आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत गेले. रोज सकाळी, खाण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन. ३ ग्रॅम घटले किंवा विष्ठा कमी झाली, की पुन्हा जुनं प्रमाण. कोथिंबिरीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगली. आधी खेळून तिच्या चिंध्या केल्या, मग चव लागली.

आपल्या घरातले प्रश्नही आलेच. गाजर कंदमूळ म्हणून घरात येत नाही. लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला त्याची जागा घेतात. मोड आलेलं धान्य आम्ही वापरत नाही, त्यावाचून अडलं नाही. पेलेटच्या पाकिटावर अंडी किंवा माशाचं तेल लिहिलंय का, ते वाचून घ्या. समुद्रफेस हे सागरी प्राण्याचं कवच असतं, त्याऐवजी खनिजांची वडी मिळते, तीही घटक वाचूनच. चातुर्मासात आम्ही पालेभाजी सोडतो, पण पक्ष्यासाठी निवडून, धुऊन देते. नियम मी घेतला आहे, त्याने नाही. सासूबाईंना हे आधी रुचलं नव्हतं. आता त्याच पाल्यात अळी आहे का ते बघून देतात.

चौथ्या आठवड्यात नर पेलेट खाऊ लागला. मादी अजून निम्मे दाणेच खाते. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, वजन टिकलंय. सूर्यास्तानंतर मात्र दोघंही चोचीला काही लावत नाहीत. तेवढं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही!

तुमच्याकडे असा जीव असेल तर त्याचं खाणं जरूर सुधारा. पण जुनी वाटी उचलण्याआधी वजनकाटा आणा, आणि त्याला वेळ द्या.