बिनभट्टीचा बिस्किट केक



एका वाचक भगिनीने विचारले आहे, "तुम्ही केक आणि नानकटाईबद्दल लिहिता, पण ज्यांच्या घरी ओव्हन नाही त्यांनी काय करायचे?" प्रश्न रास्त आहे. खरे सांगायचे तर ओव्हन आमच्याही घरी नाही. धनजमध्ये आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत गॅसची शेगडी, मिक्सर आणि फ्रिज एवढेच असते, आणि फ्रिजही लाईट असेल तेव्हाच थंड असतो. म्हणून या महिन्यात भट्टी, ओव्हन आणि अंडे यांपैकी काहीच न लागणारा बिस्किट केक सांगतो. तो आमच्या घरी कसा आला, तेही सांगावेसे वाटते.

आमच्या लग्नानंतरची काही वर्षे ईदची नानकटाई घरचीच असे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, मैदा, तूप आणि पिठीसाखर मोजून डब्यांत भरत आणि कारंजाला भट्टीवर घेऊन जात. तिथे बायकांची रांग असे. प्रत्येकीचे सामान वेगळे आणि ट्रे वेगळे. अम्मी भट्टीवाल्याच्या कामगाराला तूप फेसू देत नसत. परातीत स्वतः हाताने फेसत. तुपाचा रंग पांढरा झाला की मगच मैदा. रात्री पत्र्याचा डबा भरून घरी येई आणि सगळे घर वेलदोड्याने दरवळे.

पुढे ती भट्टी बंद झाली. अम्मींचे गुडघे दुखू लागले, बोटांचे सांधे सुजू लागले. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले, अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यानंतर आम्ही आपल्या परीने अम्मींची फार काळजी घेऊ लागलो. "अम्मी, तुम्ही बसा, आम्ही करतो," हे दिवसातून दहा वेळा म्हणू लागलो. भाजी निवडायला घेतली की त्यांच्या हातातून ताट काढून घ्यायचे. चहा ठेवायला उठल्या की खांद्याला धरून परत बसवायचे. आम्हाला वाटे, ही खिदमत आहे. हळूहळू अम्मींनी स्वयंपाकघरात येणेच सोडले. एकदा शेजारची बाई नानकटाईचे प्रमाण विचारायला आली, तर म्हणाल्या, "आता दुल्हनला विचार. माझ्या हातात काही राहिले नाही." ते वाक्य आम्ही ऐकले आणि कामाच्या गडबडीत विसरलोही.

बिस्किट केक आला आमच्या सातवीतल्या मुलामुळे. शाळेत कुणीतरी असा केक डब्यात आणला होता. त्याने हट्ट धरला आणि एका रविवारी दुपारी मायलेक कामाला लागलो. आम्ही शिक्षक माणसे. सगळे नीट वाचून आणि मोजून करणार, अशी खात्री. मिक्सरमध्ये बिस्किटांचे पीठ केले, त्यावर उकळते दूध ओतले, कोको घातला, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले. अस्रनंतर चहाच्या वेळी काढले तर चमच्याने वाढावे लागले! मुलगा रडवेला झाला.

अम्मी पलंगावर बसून सगळे पाहत होत्या. त्यांनी वाटी मागवली, एक घास चाखला आणि म्हणाल्या, "हा तर बिस्किटांचा हलवा झाला. दुल्हन, नानकटाईत आपण कधी पाणी घातले का? जे तुपाने बांधायचे, त्याला ओल किती द्यायची!"

दोन वर्षांत त्या स्वयंपाकाबद्दल एवढे पहिल्यांदाच बोलल्या होत्या. आणि बोलल्या ते अगदी नेमके होते. या केकला बांधून ठेवते ती थंड होऊन घट्ट झालेली चरबी, म्हणजे लोणी किंवा तूप. दुधातले पाणी बिस्किट पिऊन घेते आणि मऊ पडते. दूध जास्त झाले की कितीही वेळ फ्रिजमध्ये ठेवा, लगदा तो लगदाच. बिस्किटांचे सगळे पीठ केले तर ते आणखी लवकर भिजते. म्हणून तुकडे हवेत.

पुढच्या रविवारी आम्ही परात अम्मींच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालो, "तुम्हीच सांगा कसे करायचे." त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले, मग ओढणी सावरून बिस्किटाचा पुडा फोडला. सुजलेल्या बोटांना कणीक मळवत नाही, पण मारी बिस्किट मोडायला जोर लागत नाही. नखाएवढे एकसारखे तुकडे त्या करत गेल्या. मुलगा त्यांच्या मुठी वजनकाट्यावर तोलून वहीत लिहीत गेला. आमचे प्रमाण त्या वहीतूनच तयार झाले. ते असे:

मारी बिस्किटे 200 ग्रॅम, म्हणजे साधारण 35. बिनमिठाचे लोणी 80 ग्रॅम. पिठीसाखर 75 ग्रॅम. गोड नसलेली कोको पावडर 4 सपाट मोठे चमचे. दूध 80 मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाहून थोडे कमी. भाजून सोललेले शेंगदाणे 50 ग्रॅम, ऐपतीप्रमाणे काजू-बदाम. 3 वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ.

150 ग्रॅम बिस्किटांचे हाताने नखाएवढे तुकडे करावेत. उरलेल्या 50 ग्रॅमचा लाटण्याने चुरा करावा. हा चुरा तुकड्यांमधल्या फटी भरतो. शेंगदाणे अर्धे करून त्यात मिसळावेत. जाड बुडाच्या पातेल्यात कोको, साखर आणि मीठ कोरडेच एकत्र करावे. त्यात थोडे थोडे दूध घालत गुठळ्या मोडाव्यात. मग मंद आचेवर 3 ते 4 मिनिटे ढवळत राहावे. मिश्रण चमच्याच्या पाठीवर चिकटून राहिले आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की गॅस बंद. आता लोणी आणि वेलदोडा घालून चमक येईपर्यंत हलवावे.

इथे घाई नको. पातेल्याला हात लावता येईल इतके कोमट झाल्यावरच मिश्रण बिस्किटांवर ओतावे. हलक्या हाताने खालीवर करावे, रगडू नये. स्टीलच्या चौकोनी डब्याला बटर पेपर लावावा. तो नसेल तर तुपाचा हात फिरवावा. मिश्रण भरून वाटीच्या बुडाने घट्ट दाबावे. दाबणे कमी पडले तर कापताना केक सुटतो. झाकण लावून फ्रिजमध्ये किमान 4 तास ठेवावा. याचे 16 तुकडे होतात.

लोण्याऐवजी तूप चालते, पण 65 ग्रॅमच घ्यावे. लोण्यात काही भाग पाणी असते, तुपात जवळजवळ सगळी चरबीच असते. इसेन्स आम्ही घालत नाही. पुष्कळ इसेन्समध्ये अल्कोहोल असते, आणि वेलदोडा घरात असताना त्याची गरजही नाही. यात अंडे नाही आणि जिलेटिनही नाही, त्यामुळे शाळेतल्या शाकाहारी सहकाऱ्यांनाही डबा निःशंक पुढे करता येतो.

आता आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याचे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की लोणी ताटात वितळते. अशा दिवसांत केक चहा कपात ओतल्यावरच फ्रिजमधून काढावा. लाईट बराच वेळ गेली तर त्याच दिवशी संपवावा, कारण त्यात दूध आहे. एरवी फ्रिजमध्ये 4 दिवस चांगला राहतो. फ्रिज नसेल तर दूध निम्मे करून, चुरा वाढवून लाडू वळावेत आणि त्याच दिवशी खावेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र रात्री झाकून ठेवलेला डबा सकाळपर्यंत आपोआप घट्ट होतो.

हा केक काही आमचा शोध नाही. मारी बिस्किट 1874 मध्ये लंडनच्या पीक फ्रीन कंपनीने एका रशियन राजकन्येच्या लग्नानिमित्त काढले, आणि ते जिथे जिथे पोहोचले तिथल्या गृहिणींनी त्याचे असे काही ना काही केले. मलेशियात याच बिस्किटांचा 'केक बातिक' ईदच्या दिवसांत घरोघरी असतो. कापल्यावर आत बातिक कापडासारखी नक्षी दिसते म्हणून ते नाव. तुर्कस्तानात त्याच्याच भावंडाला 'मोझाईक' म्हणतात. 2011 मध्ये इंग्लंडच्या राजपुत्र विल्यम यांनीही आपल्या लग्नात मोठ्या केकशिवाय लहानपणच्या आवडीचा बिस्किट केक मागून घेतला होता. राजवाड्यात ओव्हनची काय कमतरता! तेव्हा ओव्हन नाही म्हणून हा केक करतो, असे कुणी कमीपणाने म्हणू नये.

त्या रविवारी संध्याकाळी केक सुरीने स्वच्छ कापला गेला. मुलाने पहिला तुकडा दादीपुढे धरला. अम्मींना शुगर आहे, म्हणून बोटाएवढाच. त्यांनी तो चहात बुडवला. आम्ही म्हणालो, "अम्मी, केक चहात बुडवत नाहीत." त्या म्हणाल्या, "बिस्किट आहे ना? मग बुडवणार." आणि मुलाकडे वळून, "पुढच्या वेळी साखर चमचाभर कमी. वहीत लिही."

रात्री भांडी आवरताना आम्हाला ते जुने वाक्य आठवले, 'माझ्या हातात काही राहिले नाही.' हातातले आम्हीच काढून घेतले होते, एकेक करून, प्रेमाने. आराम देणे आणि रिकामे बसवणे यात फरक आहे, हे बीएडला शिकलेल्या आम्हाला उमगायला दोन वर्षे आणि एक बिघडलेला केक लागला. वर्गात एखादे मूल मागे पडले तर आम्ही त्याला घरी बसवत नाही. त्याला जमेल असे काम शोधून देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तेवढाही विचार केला नव्हता.

आता भाजी निवडायचे ताट आम्ही ओढून घेत नाही. जड पातेले उचलू देत नाही, पण लसूण सोलणे, वेलदोडे कुटणे आणि चव पाहणे अम्मींकडे आहे. गेल्या ईदला शीरखुर्म्याबरोबर दोन डबे बिस्किट केक झाला. पाहुण्यांनी कृती विचारली तेव्हा आम्ही सांगायला तोंड उघडले, तोच आतून अम्मींचा आवाज आला, "दुल्हन, थांब. दुधाचे प्रमाण तू नेहमी चुकीचे सांगतेस."

भगिनींनो, हा केक करून पाहा. बिस्किटे मात्र मिक्सरमध्ये घालू नका. घरात जे कुणी वडीलधारे असतील त्यांच्या पुढ्यात परात ठेवा, शेजारी एखादे मूल वही घेऊन बसवा. आणि त्यांच्या जुन्या पदार्थांची प्रमाणेही त्याच वहीत उतरवून घ्या. अम्मींच्या नानकटाईचे प्रमाण आम्ही असेच लिहून घेतले आहे. कढईत मीठ तापवून ती कशी भाजायची, ते पुढच्या महिन्यात, इन्शा अल्लाह.