सायकलीची चौकट : पोलादाची की ॲल्युमिनियमची?

सायकल घ्यायला गेलेल्या विद्यार्थ्याला हल्ली दुकानदार एक सायकल सहज उचलून दाखवितो आणि म्हणतो, "ॲल्युमिनियमची आहे, हलकी आहे, हीच घ्या." या हलकेपणासाठी पालकांना जादा पैसे मोजावे लागतात. तेव्हा हा हलकेपणा किती आणि कोणाच्या उपयोगाचा, याचा विचार व्हायला हवा.

ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे, हे खरे. परंतु त्याचा ताठपणाही तेवढाच कमी. ही उणीव भरून काढण्यासाठी नळ्या मोठ्या घेराच्या कराव्या लागतात. अखेर चौकटीत वाचते ते किलो-दोन किलो. मडगार्ड-कॅरिअरसह साधी सायकल २० किलोंच्या आसपास भरते; वर आपण आणि आपले दप्तर. शर्यतीत हा फरक मोलाचा ठरेल, कॉलेजच्या वाटेवर फारसा नाही.

दुसरा मुद्दा धातूच्या थकव्याचा. ठरावीक मर्यादेच्या आतले हादरे पोलाद लाखो वेळा सोसते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. बारीकसारीक हादराही त्याच्या खाती जमा होतो. चांगले कारखाने हे जमेस धरूनच चौकट बनवितात व ती वर्षानुवर्षे टिकतेही. पण तडा गेलाच तर?

पोलादी चौकटीचा सुटलेला जोड खिडक्या-दरवाजे करणारा कारागीरही सांधून देतो. ॲल्युमिनियमला आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते आणि जोडाजवळ घटलेली ताकद परत आणायची तर बहुधा भट्टीतली प्रक्रियाही. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना हे अवघड नाही. परंतु पुंडलिकनगरच्या गल्लीत एका सायकलीसाठी हा खटाटोप कोण करणार? चौकट भंगारात जाते आणि पालकांचे पैसेही.

ॲल्युमिनियमला तांबेरा चढत नाही, हा त्याचा मोठा गुण. कोकणात राहणाऱ्याने तो अवश्य पाहावा. रोज तीन जिने सायकल चढविणाऱ्यानेही हलकी चौकट खुशाल घ्यावी. आपल्या शहरात मात्र वर्षाला पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. रंग शाबूत राखला तर पोलाद सहज टिकते.

म्हणून बेताच्या ऐपतीच्या विद्यार्थ्याने पोलादी चौकटच घ्यावी, असे माझे मत आहे. वाचलेल्या पैशांत चांगले टायर व ब्रेक घ्यावेत. बसताना जाणवणारा मऊपणा चौकटीपेक्षा टायरवरच अधिक अवलंबून असतो.