कोरफड पाण्याने मरते, तहानेने नाही



शिरूर-दौंडकडच्या गावांतून फिरताना एक प्रश्न हमखास कानी येतो. "साहेब, बांधावरची कोरफड उन्हाळाभर पाण्यावाचून तगते, आणि दारात डब्यात लावलेली रोज पाणी घालूनही सडते. असं का?" उत्तर प्रश्नातच आहे. रोज पाणी घातले म्हणूनच ती सडते.

कोरफड मूळची अरबस्तानातली. कोरड्या मुलखातले हे झाड पाणी पानांच्या गरात साठवते. बहुतेक झाडांच्या पानांवरची बारीक छिद्रे दिवसा उघडतात; कोरफडीची रात्रीच्या गारव्यात उघडतात. त्यामुळे पाणी फार थोडे उडून जाते. आपल्याकडे वर्षाकाठी पडणारा सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस तिला पुरतो. सोसत नाही ते मुळाशी तुंबलेले पाणी.

आपली काळी माती ओल धरते, म्हणून रब्बी ज्वारीला उत्तम. डब्यात मात्र हाच गुण घातक ठरतो. एक भाग माती, एक भाग चाळलेला बारीक मुरूम आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. मुळे उथळ पसरतात, म्हणून खोल डब्यापेक्षा जुने घमेले बरे. तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत.

मोठ्या झाडाच्या बुडाशी आलेले वीतभर पिल्लू मुळांसकट काढावे, दोन दिवस सावलीत सुकवावे, मग लावावे. पहिला आठवडा पाणी देऊ नये. पुढे बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी नको. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी पाणी पुरते. पाणी मातीत घालावे, पोग्यात नव्हे. पावसाळ्यात पागोळ्या पडतात तिथे घमेले ठेवू नये. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यावी. कडक उन्हात पाने तांबूस पडतात.

पान नेहमी बाहेरचे, खालचे काढावे. कापलेले टोक खाली करून पंधरा मिनिटे ठेवावे, म्हणजे पिवळा चीक निथळतो. हाच चीक आटवून काळा बोळ करतात. तो जालीम रेचक आहे. गरोदर बाईला आणि लेकरांना तो पोटात देऊ नये. चुलीचा चटका बसला तर आधी भरपूर गार पाणी ओतावे, मग धुतलेला पांढरा गर लावावा. फोड मोठे असतील तर गर लावत बसू नये, दवाखाना गाठावा.

बांधावरचे घायपात दिसायला कोरफडीसारखेच, पण त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. मुलांना दोन्हींतला फरक दाखवून ठेवावा: कोरफडीचे पान मऊ, गराने भरलेले, घायपाताचे ताठ, धाग्यांचे, टोकाला सुईसारखा काटा.

यंदा एका घमेल्यात हा प्रयोग करून पाहा. रोजचे तांब्याभर पाणी मात्र मिरचीच्या रोपाला घाला.