निर्लेखित जीपचा निळा रंग

आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या वर्षी फुलंब्रीकडच्या एका गोठ्यामागून जुनी जीप उचलून आणली. उंच बॉनेटची, 1969 सालची. सध्या ती मोंढा नाक्याजवळच्या एका गॅरेजात उभी आहे आणि तिच्यावरून आमच्या संध्याकाळच्या कट्ट्यात दोन तट पडले आहेत.

जीप दिसायला पांढरी. पण मिस्त्रीने बाजूच्या पत्र्यावर पॉलिश पेपर हलकेच फिरवला तेव्हा पांढऱ्याखालून गडद निळा निघाला आणि त्या निळ्यावर हाताने रंगवलेले एक अक्षर. 'पो'. म्हणजे गाडी पोलिसांची. लिलावात गेलेली, पुढे कोणीतरी पांढरी करून वापरलेली. मिस्त्रीचा सल्ला सरळ होता. "साहेब, पत्र्यापर्यंत घासू, लांबी भरू, नवा निळा मारू. नावही नवं लिहू. शोरूममधून आणल्यासारखी दिसेल." स्नेही खूष झाले. मी मात्र म्हणालो, घासू नका.

बँकेत हयात घालवलेल्या माणसाला 'निर्लेखन' हा शब्द नवा नाही. बुडीत कर्ज हिशेबातून काढणे हे निर्लेखन आणि सरकारी गाडी सेवेतून काढणे हेही निर्लेखनच. लिलावाआधी गाडीवरचे खात्याचे नाव पुसतात, तेव्हा हा शब्द अक्षरशः खरा होतो. फरक एवढाच, की आम्ही खाते निर्लेखित केले तरी जुनी खातेवही कपाटात राहत असे. जीपची खातेवही म्हणजे तिचा रंग. शिपाई जिथे हात टेकून चढत, तिथे निळा झिजून खालचा पत्रा उघडा पडला आहे. नवा रंग दिला की ती नोंद गेली आणि ती पुन्हा कोणालाही लिहिता येणार नाही.

आपल्या संभाजीनगरकरांना हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. अजिंठ्याची चित्रे निखळू लागली म्हणून निजाम सरकारने 1920 च्या सुमारास लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला पक्का केला, हे त्यांचे उपकारच. पण चित्रांवर लाखेचे रोगण चढवले ते पुढे पिवळे पडत, काळवंडत गेले आणि ते हलक्या हाताने उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली. तरी बरे, त्यांनी रोगणच लावले. चित्रे खरवडून नवी काढली नाहीत! जीपच्या बाबतीत आपण नेमके तेच करायला निघतो आणि त्याला 'रिस्टोरेशन' म्हणतो. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' हिने ट्युरिन सनद केली, ती वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेवरून. तेव्हा लेणी आणि जीप एका दमात घेतल्याबद्दल मला कोणी हसू नये.

मूळ रंग राखणे हे नवा मारण्यापेक्षा कष्टाचे काम आहे. वरचा पांढरा थर अगदी बारीक, दोन हजार नंबरच्या पाणपेपरने, पाणी सोडत, तळहाताएवढ्या जागेत उतरवायचा. निळा दिसू लागला की थांबायचे. कोरडे घासायचे नाही, कारण जुन्या रंगात बऱ्याचदा शिसे असते आणि ती धूळ छातीत जाते. गंज असेल तिथेच त्याचा बंदोबस्त करायचा, पोचा आतल्या बाजूने ठोकून काढायचा आणि शेवटी मऊ मेण. रबिंग कंपाउंडचे मशीन तर जवळही आणायचे नाही. ते चमक देते, पण रंगाचा पापुद्रा घेऊन जाते.

कट्ट्यावरचा खरा आक्षेप मात्र वेगळाच होता. एक जुने सहकारी, एरवी फार न बोलणारे, म्हणाले, "पोलिसांच्या जीपचं एवढं कौतुक कशाला? अठ्ठ्याहत्तर साली आमच्या वस्तीची वाट पाहून पाहून राख झाली, तेव्हा ही निळी गाडी कुठं होती?" त्या वर्षी जुलैत विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळली. ही जीप तेव्हा सेवेत असणार. कुठे वेळेवर पोचली असेल, कुठे नसेल. मला त्यांना उत्तर सुचले नाही. एवढेच वाटले, की नवा रंग मारलेली जीप संचलनातली दिसेल आणि तिला हा प्रश्न कोणी विचारणारच नाही.

आता कायद्याची गंमत पाहा. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरील वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळते. मूळ स्वरूप जपलेले हवे आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. वीस हजार रुपये शुल्क. दुसरीकडे एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती भंगारात काढायची आहेत. कायदा-सुव्यवस्थेसाठी खास बांधणी केलेली वाहने तेवढी वगळली आहेत. म्हणजे ठाण्याची साधी गाडी पंधराव्या वर्षी मोडीत जाणार, ती पन्नाशी गाठणार कशी? प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयाने निदान एक गाडी, आहे त्या रंगासह, आहे त्या पोच्यांसह, छपराखाली ठेवावी. खर्च एका पत्र्याच्या शेडचा.

आमचे स्नेही अखेर राजी झाले. जीप रस्त्यावर काढताना त्या अक्षरांवर कापडी पट्टी बांधायची, असेही ठरले. खाजगी माणसाने पोलिसांचे नाव मिरवत फिरणे बरे नव्हे. मिस्त्री आता उक्ते सोडून रोजावर काम करतो, आणि त्याचे बरोबरच आहे. परवा 'पो'च्या पुढचे अक्षर निघाले. पेंटरने 'पोलिस' असे लिहिले होते, पहिल्या वेलांटीचे. मिस्त्री म्हणाला, "चुकलंय साहेब. दुसरी करून टाकू का?" तो ब्रशकडे वळला, तेव्हा स्नेह्यांनीच त्याचा हात धरला.